साडेसहा सेंटिमीटर

पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि ती कोणाला कळू द्यायची नाही, असे काटाबाईंनी ठरवले, तेव्हा या दोन्हींतला अवघड भाग पहिला आहे, असा त्यांचा समज होता. पहिला भाग साडेतीन तासांत उरकला आणि तेवढा वेळ त्या झोपलेल्याच होत्या. दुसऱ्या भागात मात्र त्यांना पूर्ण शुद्धीवर राहावे लागले.

काटाबाई हे त्यांचे खरे नाव नव्हे. वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षे होत्या. तराजूचा काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय त्या कुठलाच आकडा लिहीत नसत, म्हणून हे नाव पडले. काटा टोचतो म्हणून ते पडले, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. पण त्याला लेखी पुरावा नाही. दुकानातला किलो हा किलोच आहे आणि कापडवाल्याचा मीटर हा मीटरच आहे, असे प्रमाणपत्र त्यांच्या सहीने निघे. तीस वर्षांत त्यांचे एकही प्रमाणपत्र चुकीचे म्हणून परत आले नव्हते. लोक घरात पदके लावतात, तशी ही गोष्ट त्या मनात लावून ठेवत.

तीन वर्षे रोज सकाळी चालून त्यांनी एकोणीस किलो वजन घटवले होते. चरबी गेली, पण तिचे रिकामे पोते पोटावर लोंबत राहिले. ते कुठल्याही व्यायामाने जाणार नाही, कापूनच काढावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले. यात लपवण्यासारखे काही नव्हते. अडचण एवढीच होती, की नटण्यामुरडण्याबद्दलची काटाबाईंची मते सगळ्या कार्यालयाला तोंडपाठ होती. प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, ती एकदा केस तांबूस करून आली होती. काटाबाईंनी चष्म्यावरून बघितले आणि म्हणाल्या, ‘‘केसांचा रंग बदलल्याने वजनात फरक पडत नाही. वेळेत पडतो. तू वीस मिनिटं उशिरा आलीस.’’ हे वाक्य पुढे दोन वर्षे चहाच्या वेळी उद्धृत होत असे. ते बोलणाऱ्या बाईनेच आता पोट आवळून शिवून घेतले, हे त्याच टेबलावर कसे सांगायचे?

म्हणून पाठ दुखते, असे सांगायचे ठरले. हा निर्णय त्यांनी नीट तोलूनमापून घेतला होता. पाठ बाहेरून दिसत नाही, तिला पंधरा-वीस दिवस विश्रांती लागते, आणि पट्टाही लागतो. एकच गोष्ट नजरेतून सुटली. ज्याची पाठ कधी दुखली नाही असा माणूस जगात नाही, आणि ज्याची दुखली आहे तो गप्प बसत नाही.

खरे प्रकरण त्या पट्ट्याचेच. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे, दिवसाचे तेवीस तास, छातीच्या खालपासून मांडीच्या मध्यापर्यंत घट्ट बसणारा एक कपडा घालायचा असतो. त्याला समोरून बावीस हुक आणि हुकांवरून एक चेन. उरलेला एक तास आंघोळीचा. काटाबाईंचे यजमान भूगोलाचे शिक्षक होते, आता निवृत्त. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी कपड्याचे चित्र पाहिल्याबरोबर त्याचे नाव चिलखत ठेवले आणि घरात तेच रूढ झाले.

चिलखत मापाने शिवून येते. शस्त्रक्रियेआधी मापे ग्राहकानेच घेऊन पाठवायची असतात. हे वाचल्यावर काटाबाईंना जे वाटले ते आनंदाच्या फार जवळचे होते. त्यांनी अंगावर पाच ठिकाणी खुणा केल्या आणि प्रत्येक ठिकाणी नऊ वेळा माप घेतले: तीन दिवस, रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ. मास्तरांनी आकडे लिहून घेतले. नऊ वाचनांत एका मिलिमीटरहून जास्त फरक नव्हता. कंपनीच्या फॉर्मवर प्रत्येक मापाला एकच चौकोन होता, म्हणून काटाबाईंनी वेगळी पुरवणी जोडली. कमरेचा आकडा होता चौऱ्याण्णव पूर्णांक सहा. असा सुरेख आकडा आपण बऱ्याच दिवसांत काढलेला नाही, असे त्या मास्तरांना म्हणाल्याही.

भूल उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘बसलं का?’’

‘‘काय?’’ नर्स म्हणाली.

‘‘चिल... कपडा.’’

नर्सने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर वयाने तरुण आणि स्वभावाने मऊ होते. ते म्हणाले, ‘‘कंबरेला साडेसहा सेंटिमीटर कमी पडतोय हो. आम्ही तिघांनी मिळून ओढून बघितला.’’

‘‘सूज असेल.’’

‘‘कापून जेवढं कमी होतं, तेवढं सूज भरून काढते; ते धरूनच शिवतात. त्याहून जास्त साडेसहा सेंटिमीटर सूज नसते.’’

‘‘मग कंपनीची चूक आहे,’’ काटाबाई म्हणाल्या, आणि या शोधाच्या समाधानात पुन्हा झोपी गेल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले. वरची कातडी खालच्या थराला चिकटायची तर सगळीकडून सारखा दाब हवा. दाब नसेल तर मधल्या फटीत पाणी साचते आणि मग ते दर आठवड्याला सुईने काढत बसावे लागते. ‘‘दहा दिवसांनी दाखवायला या, आणि नीट बसणारं चिलखत घालूनच या,’’ डॉक्टर म्हणाले. हा शब्द त्यांना मास्तरांनी शिकवला होता. तोवर काम भागवायला त्यांनी चार मीटर लांबीची लवचिक पट्टी दिली आणि ती दर सहा तासांनी नव्याने गुंडाळायला सांगितले.

पहिल्याच वेळी पट्टीचे टोक धरून मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मी तुझ्याभोवती फिरू, की तू स्वतःभोवती फिरतेस?’’

‘‘तुम्हीच फिरा. मला वाकून उभं राहायचंय.’’

चार मीटरमध्ये साधारण चार फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीला मास्तर पलंगावर बसले. ‘‘परिभ्रमणानं मला भोवळ येते गं. तू आपलं परिवलनच कर.’’ तेव्हापासून दर सहा तासांनी काटाबाई कमरेत वाकलेल्या अवस्थेत, पायांनी जमीन चाचपत, सावकाश स्वतःभोवती फिरत. पोटाचे टाके ओढू नयेत म्हणून पहिले काही दिवस ताठ उभे राहायचे नसते. उभ्या रेषेशी त्यांचा कोन तीस अंशांचा होता. त्यांनी तो मोजला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढलेला होता.

‘‘काही काळजी करू नका मॅडम, तीन दिवसांत दुसरा शिवून देतो. तुम्ही फक्त बदलीचा फॉर्म भरून पाठवा.’’

फॉर्म आला. त्यावर छापले होते: ‘कपडा न बसण्याचे कारण – ग्राहकाने चुकीचे माप दिले.’ पुढे एक चौकोन, खाली सहीची रेघ आणि सहीखाली ‘व्यवसाय’. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की नवी मापे ग्राहक अथवा ग्राहकाचा जोडीदार यांच्याखेरीज तिसऱ्या व्यक्तीने घ्यावीत.

काटाबाईंनी पुन्हा फोन लावला. ‘‘यात कारण एकच दिलंय.’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘दुसरं कारण असू शकतं. उदाहरणार्थ, कंपनीनं चुकीचं शिवलं.’’

‘‘तसा चौकोन नाही मॅडम.’’

‘‘मग तो छापा.’’

‘‘मॅडम, सगळे याच चौकोनात खूण करतात. कोणी काही मनाला लावून घेत नाही.’’

‘‘मी लावून घेते,’’ काटाबाई म्हणाल्या. ‘‘आणि जोडीदार का चालत नाही?’’

‘‘ते नेहमी कमी लिहितात मॅडम. घरी राहायचं असतं त्यांना.’’

नवीनच चिलखत मागवावे, तर कंपनीत प्रत्येक रुग्णाचा एक क्रमांक असे. त्या क्रमांकावर दुसरी मागणी टाकली की हाच फॉर्म पुन्हा पुढे येई. दुकानातले तयार चिलखत डॉक्टरांना चालत नव्हते. म्हणजे वाट एकच आणि तिच्या तोंडाशी तो चौकोन. खूण करायची, सही करायची आणि सहीखाली लिहायचे, वजनमापे अधिकारी. काटाबाईंनी फॉर्म घडी घालून उशीखाली ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिल्या. अर्थात गुडघे वर करून. दुसरी कुठली स्थिती त्यांना मना होती.

‘‘एक खूण करायचीय फक्त,’’ मास्तर म्हणाले.

‘‘अहो, तीस वर्षांत मी चुकीचं माप दिलेलं नाही.’’

‘‘तू कुठं दिलंस? कंपनी म्हणतेय.’’

‘‘आणि मी त्यावर सही करू? मग उद्या कुठलाही दुकानदार मला विचारेल, बाई, तुमच्या स्वतःच्या कमरेचं काय?’’

कुठल्याही दुकानदाराने असे काही विचारले असते, असे मास्तरांना वाटले नाही. पण सुखी संसारात प्रत्येक वाटलेली गोष्ट बोलायची नसते.

तेव्हा कपडाच कसा बसत नाही ते बघू, असे ठरले. लवचिक कापड ताण दिला की वाढते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. मास्तर गुडघ्यांवर बसले, काटाबाई भिंतीला धरून वाकल्या आणि मोहीम मांड्यांपासून सुरू झाली. पहिले नऊ हुक मुकाट्याने लागले. दहाव्याला मास्तरांनी पेन्सिलीचा आधार घेतला. अकराव्याला पेन्सिल मोडली. बाराव्या आणि तेराव्या हुकाच्या वेळी दोघांनी एकमेकांना जे शब्द वापरले ते लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली म्हणूनच चालून गेले. आणि चौदाव्यावर हात असताना दाराची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. वय वर्षे सत्तर, हातात जुन्या कपाटाची पाच फुटी फळी. ती त्यांनी एकटीने जिन्यावरून वर आणली होती.

‘‘अगंबाई, केवढी वाकलीस!’’ अंगावर कसाबसा गाऊन ओढलेल्या काटाबाईंना पाहून काकू म्हणाल्या. ‘‘मऊ गादीवर लोळतेस, मग दुसरं काय होणार? पाठीला कठीण लागतं. मास्तर, बघत काय बसलात, ही फळी टाका पलंगावर.’’

‘‘काकू, डॉक्टरांनी मला वाकूनच...’’

‘‘डॉक्टर केवढा आहे वयानं?’’

‘‘असेल पस्तीसचा.’’

‘‘मग त्याची पाठ अजून कुठं दुखलीय?’’ काकूंनी त्यांना खांद्याला धरून फळीवर बसवले, आडवे केले आणि दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून, पोळीला आकार द्यावा तसे, एकदम सपाट केले.

टक्, असा आवाज झाला. पाठोपाठ आणखी एक. टक्.

‘‘ऐकलंस?’’ काकूंचा चेहरा उजळला. ‘‘बसला मणका!’’

‘‘दोन आवाज आले,’’ मास्तर क्षीणपणे म्हणाले. उडालेल्या दोन हुकांपैकी एक त्यांच्या चहाच्या कपात पडला होता.

‘‘दोन सरकले असतील.’’

काटाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते गुण आल्याचे पाणी आहे, असे काकूंनी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत सांगितले. दुसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी स्वतःची पाठ घेऊन काकूंकडे गेले. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरही गेले. फळी अडकून पडू नये म्हणून काकू ती परत घेऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘‘तुला आता गरज नाही.’’ ज्या बाईने आयुष्यात दुसऱ्याचा वजनकाटा तपासल्याशिवाय खरा मानला नव्हता, तिच्या नावावर आता खाली एक उपचारकेंद्र चालू होते.

काटाबाईंनी उडालेले दोन हुक पुन्हा शिवले आणि कंपनीला पत्र लिहिले. पत्र तीन पानी होते. त्यात नऊ वाचनांचा तक्ता होता, संभाव्य चुकीची मर्यादा होती आणि कापडाच्या ताणाचा आलेख होता. शेवटी त्यांनी असे सिद्ध केले होते, की त्यांच्या मापात साडेसहा सेंटिमीटरांची चूक असण्याची शक्यता ही नाणे सलग चाळीस वेळा छाप्यावर पडण्याहून कमी आहे. असे पत्र लिहिताना आपले टाके दुखत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. कृपया बदलीचा फॉर्म भरून पाठवावा.’

सहा दिवस उरले होते.

यापुढची कल्पना मास्तरांची. त्यांच्या खोलीत एक मोठा पृथ्वीगोल होता. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेला. देश, समुद्र, पर्वत, सगळे रंगीत. त्या गोलाला रोज फडके मारल्याशिवाय ते वर्तमानपत्र उघडत नसत. त्यांनी विषुववृत्तावरून टेप फिरवली आणि धावत आले. ‘‘अगं, शंभर पूर्णांक पाच! दोन दिवस चिलखत याला घालून ठेवू. आपोआप सैल होईल.’’

काटाबाईंना हे तत्त्वतः पटले. पृथ्वीला पोटावर टाके नव्हते आणि ती तक्रार करत नव्हती. दोघांनी मिळून अर्ध्या तासात बावीसही हुक लावले. दक्षिण ध्रुवाखालून चिलखताचे दोन पाय लोंबत होते आणि वरून फक्त उत्तरेकडचा थोडा बर्फ दिसत होता. त्याच वेळी सेक्रेटरी पाठ बरी झाल्याचे कळवायला आले, आणि गोलाभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘‘धूळ बसू नये म्हणून का?’’

‘‘हो,’’ मास्तर म्हणाले.

‘‘कापड चांगलं आहे,’’ सेक्रेटरी म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या खोलीतून मडके फुटल्यासारखा आवाज आला. काटाबाई तीस अंशांत जितक्या वेगाने चालता येईल तितक्या वेगाने तिथे गेल्या. गोल दोन अर्धगोल चिकटवून केलेला होता, ही माहिती मास्तरांना बारा वर्षांत प्रथमच होत होती. विषुववृत्त उकलले होते. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यात शिरला होता आणि चिलखत त्या सगळ्याला गच्च आवळून बसले होते.

‘‘पृथ्वी गेली गं,’’ मास्तर म्हणाले.

काटाबाईंनी हुक काढले, चिलखत टेबलावर पसरले आणि माप घेतले. तीन मिलिमीटर वाढले होते. तासाभराने पुन्हा घेतले. तीन मिलिमीटर परत गेले होते. कापड उत्तम होते, त्यात वाद नव्हता. मास्तर एका हातात एक गोलार्ध घेऊन बसले होते. ते उकललेली कडा पुन्हा पुन्हा जुळवून बघत होते, म्हणून काटाबाईंना जास्त लागले. एका चौकोनात खूण करायची नाही म्हणून आपण आतापर्यंत दोन हुक, एक पेन्सिल आणि एक ग्रह खर्ची घातला, असा विचार त्यांच्या मनात आला. पण तेवढ्यात दुसराही एक विचार आला आणि त्या उजळल्या.

‘‘अहो, टेप!’’

‘‘काय टेप?’’

‘‘माझं वाचन बरोबर, कंपनी म्हणते शिवण बरोबर. मग राहिलं काय? टेप! शिवणाच्या डब्यातली जुनी टेप आहे ती. ती कधी तपासलीय आपण?’’

जिने देशोदेशीच्या, म्हणजे निदान चार गावांच्या, मोजपट्ट्या तपासल्या, तिने घरची टेप कधी तपासली नव्हती. पण हा अपमान त्यांना परवडणारा होता. टेप चुकीची निघाली तर माणूस बरोबर राहतो. त्यांनी धाकटीला फोन केला. ती येऊन टेप घेऊन गेली. दारातच त्यांनी तिला बजावले, ‘‘रीतसर नोंद कर. माझं काम म्हणून रांग मोडू नकोस.’’ आणि लगेच पुढे, ‘‘रांग किती आहे?’’

‘‘रांग नाही मॅडम.’’

धाकटी परत आली तेव्हा चार दिवस उरले होते. तिने टेप आणि त्याबरोबर एक कागद पुढे केला. ‘सदर टेप मीटरमागे दोन दशांश मिलिमीटरच्या आत बरोबर आहे.’ काटाबाईंनी प्रमाणपत्र चष्मा लावून वाचले, चष्मा काढून वाचले, उजेडाकडे धरून वाचले. तापमान लिहिलेले होते. मूळ प्रमाणपट्टीचा क्रमांक होता. दिनांक, सही, सगळे जागच्या जागी. याच मुलीचे पहिले प्रमाणपत्र त्यांनी अकरा वेळा परत पाठवले होते. बाराव्या वेळी ती शिकली, आणि ते शिक्षण आता त्यांच्यासमोर उभे होते.

‘‘चूक नाही यात,’’ काटाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या दुःखाने कधी निघाले नव्हते.

धाकटी खुर्चीवर पसरलेल्या चिलखताकडे बघत होती. ‘‘मॅडम, एक विचारू? पाठीच्या पट्ट्याला पाय नसतात.’’

तेवढ्यात काकू आत आल्या. ‘‘दार उघडंच होतं. अगं ऊठ, दोन मिनिटं खाली चल. पलीकडच्या इमारतीतले तीन जण आलेत, त्यांना विश्वास बसत नाही. नुसती जिन्यात सरळ उभी राहा, म्हणजे झालं.’’

काटाबाईंनी काकूंकडे पाहिले. धाकटीकडे पाहिले. मास्तर कोपऱ्यात गोंद घेऊन विषुववृत्त चिकटवत होते. पोटात, पट्टीच्या आत, दोन दिवसांपासून डावीकडे काहीतरी जड आणि लिबलिबीत वाटत होते, हे त्यांनी अजून मास्तरांनाही सांगितले नव्हते. पाणी साचायला लागले होते. पाण्याला कोणाच्या तीस वर्षांचे काही पडलेले नसते.

‘‘काकू, माझी पाठ ठणठणीत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहिल्यापासून. मी पोट कमी करून घेतलंय. कापून, शिवून.’’

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. ‘‘म्हणजे माझी फळी...’’

‘‘फळीनं काही झालं नाही. ते आवाज हुकांचे होते.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

काकू दाराकडे बघून जवळ सरकल्या. ‘‘सेक्रेटरींना सांगू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांना खरंच गुण आलाय.’’

धाकटी मात्र हसली नाही. काटाबाई तिच्या तांबूस केसांकडे बघत त्या हसण्याची वाट पाहत होत्या; त्यासाठी त्यांनी तोंडही घट्ट मिटून घेतले होते. धाकटीने फक्त विचारले, ‘‘मग हे बसत का नाही?’’

काटाबाईंनी उशीखालून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. तिने तो वाचला. बारीक अक्षरांतलेही वाचले. तेही त्यांनीच शिकवलेले. ‘‘तिसरी व्यक्ती पाहिजे म्हणजे. मी घेऊ माप?’’

पट्टी सोडायला परिवलन उलट दिशेने करावे लागले. मग धाकटीने टेप कमरेभोवती आणली. टेप लागताक्षणी काटाबाई कळवळल्या. ‘‘आई गं!’’

‘‘लागली?’’

‘‘टेप नाही. आतून ओढलं काहीतरी.’’

‘‘मॅडम, तुम्ही पोट आत घेताय.’’

‘‘मी? मी काही केलेलं नाही.’’

‘‘घेताय मॅडम. हे बघा, परत घेतलंत.’’

शस्त्रक्रियेत पोटाचे स्नायूही टाके घालून जवळ आणलेले होते. त्यामुळे एरवी जे नकळत होत असे, ते आता बोंब मारून कळवत होते.

‘‘ते ती नेहमीच घेते,’’ कोपऱ्यातून मास्तर म्हणाले.

तिघींनी वळून पाहिले.

‘‘म्हणजे तेव्हासुद्धा. टेप लावली की आधी मोठा श्वास, मग पोट आत, मग आकडा. मला वाटलं शास्त्रात तशी पद्धत असेल.’’

‘‘अहो, मग तेव्हा सांगायचं नाही का!’’

‘‘तूच म्हणालीस, वाचन चाललंय, बोलू नका.’’

‘‘किती वेळा असं?’’ काकूंनी विचारले.

‘‘पाच ठिकाणी नऊ वेळा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘एकदाही चुकली नाही.’’

काटाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. नऊ वाचने एका मिलिमीटरच्या आत जुळली होती, कारण नऊही वेळा पोट तितकेच आत गेले होते. सगळ्या वाचनांत एकच चूक असेल तर सरासरी काढून ती दिसत नाही. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दाखवत. धाकटीलाही दाखवले होते. धाकटी या क्षणी टेपकडे बघत होती, दुसरीकडे कुठेही नाही, आणि त्याबद्दल काटाबाईंना तिचे फार आभार मानावेसे वाटले.

‘‘सोडा मॅडम.’’

‘‘सोडलं.’’

‘‘नाही सोडलंत.’’

सोडा म्हटल्याने पोट सुटत नाही. कॉलेजच्या पहिल्या ग्रुप फोटोपासून ते कामाला लागलेले होते आणि त्याने कधी रजा घेतली नव्हती. मास्तर गोलार्ध घेऊन मुकाट्याने बाहेर गेले. तरी सुटेना.

‘‘अगं, इकडे बघ,’’ काकू म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, हात बाजूला सोडले आणि त्यांचे पोट संथपणे, कोणाचीही परवानगी न घेता, पुढे आले. ‘‘मी साठाव्या वर्षी सोडलं. काय बरं वाटतं म्हणून सांगू!’’

काटाबाईंना हसू आले. हसताना टाके ओढले, टाके ओढले म्हणून श्वास सुटला, आणि श्वासाबरोबर तेही सुटले. धाकटीने टेप सावरली, डोळा खुणेच्या नेमका समोर आणला आणि क्षणभर थांबली.

‘‘एकशे एक पूर्णांक दोन.’’

सहा पूर्णांक सहा, काटाबाईंनी मनात वजाबाकी केली. उरलेला एक मिलिमीटर शिवणीत गेला असावा. कंपनीची मुलगी, डॉक्टर, टेप, पृथ्वी, सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

‘‘लिही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि अजून दोनदा घे.’’

धाकटीने पाचही मापे तीन-तीनदा घेतली आणि फॉर्म पुढे केला. काटाबाईंनी पेन घेतले आणि चौकोनात खूण केली. मग सही केली.

‘‘मॅडम, खालचा रकाना सक्तीचा नाही,’’ धाकटी हळूच म्हणाली. ‘‘व्यवसायाचा. रिकामा ठेवला तरी चालतं.’’

‘‘नको. चुकीचं माप कोणी दिलं, ते नीट कळायला हवं.’’

त्यांनी पदनाम लिहायला घेतले: ज्येष्ठ अधिकारी, वजने व मापे, प्रमाणन विभाग. रकाना लहान होता आणि पदनाम मोठे. अक्षर बारीक करून ते बसवता आले असते, पण त्यांनी ते खुशाल कडेच्या बाहेर येऊ दिले.